इंडिकेटरचा बाण मागे सरकतो: पैसे भरण्याआधी हे वाचा

नागपुरात धरमपेठेत, मनीषनगरात रविवारी शेअर बाजाराचे मोफत डेमो होतात. अशाच एका क्लासने मला पस्तीस हजारांना ‘९० टक्के अचूक’ इंडिकेटर, म्हणजे कधी घ्यायचं, कधी विकायचं याचा इशारा चार्टवर बाणाने देणारा प्रोग्राम, विकला. तक्रार दिली आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांची युक्ती सगळ्यांना कळलीच पाहिजे.

डेमोत सरांनी बँक निफ्टीचा, म्हणजे बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचा, जुना चार्ट उघडला. प्रत्येक तळाशी हिरवा बाण (घ्या), प्रत्येक शिखरावर लाल (विका), एकही चुकलेला नाही. खरं म्हणजे ते बाण त्या वेळी तिथे नव्हतेच. भाव तळ गाठून वर निघाला, चार-पाच कॅन्डल (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या पट्ट्या) झाल्या, की प्रोग्राम मागे जाऊन तळाशी बाण काढतो. भाव आणखी घसरला तर जुना बाण पुसतो आणि नव्या तळाशी लावतो. याला रिपेंटिंग म्हणतात.

चालू बाजारात हिरवा बाण बघून मी कॉल (भाव वाढला तर फायदा देणारा सौदा) घेतला, भाव पडला, स्टॉपलॉस लागला, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेवर तोट्यात सौदा बंद झाला. संध्याकाळी चार्टवर तो बाण गायब! सरांचं उत्तर ठरलेलं: “भाऊ, सिस्टीम बरोबर आहे, तुमची एन्ट्री चुकली.” मग मी बाण दिसला की मोबाइलने फोटो काढू लागलो. सकाळचे फोटो आणि संध्याकाळचा चार्ट क्लासच्या ग्रुपवर टाकला, त्याच रात्री मला ग्रुपमधून काढलं.

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय, म्हणजे भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा इंडिकेटर, ब्रोकरच्या ॲपमध्ये फुकट मिळतो. कॅन्डल बंद झाली की त्याचा आकडा बदलत नाही. तरी तोही भविष्य सांगत नाही. जोरदार तेजीत तो ७० च्या वर बराच काळ टिकतो, आणि ७० दिसताच विकणाऱ्याची पुढची तेजी हुकते. मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे मागच्या काही दिवसांच्या भावाची सरासरी, तर भावाच्या मागूनच चालतो.

“आम्ही फक्त शिकवतो, नोंदणी लागत नाही,” असंही हे लोक सांगतात. शिकवण्याच्या नावाखाली मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल सांगता येणार नाही, असं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं. शेअरबद्दल सल्ला देणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टचा नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो, तो सेबीच्या साइटवर तपासा. नफ्याची हमी तर नोंदणी असलेल्यालाही देता येत नाही.

डेमोला जाणार असाल तर सरांना म्हणा, सोमवारी सव्वानऊनंतर चालू बाजारात बाण दाखवा आणि फोटो काढू द्या. पैसे गेलेच असतील तर यूपीआयची पावती, मेसेज काही पुसू नका, आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.