कोळसा रस्त्यावर पाणी मारणारा टँकर : ५ पैकी २ तारे

घुग्घुस-वणी पट्ट्यात खाणीतून रेल्वे सायडिंगकडे, म्हणजे कोळसा वॅगनमध्ये भरायच्या जागेकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागून माझा कापूस आहे. या रस्त्यावर पाणी मारायचं काम ठेक्यानं दिलंय. टँकर रोज येतो, ड्रायव्हर भला माणूस आहे, कडेनं बाया चालत असल्या की पाणी बंद करतो. दोन तारे त्याचे.

तीन कापले, कारण टँकर घड्याळ बघून येतो, वारा बघून नाही.

हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो, रस्ता दवानं ओलसर असतो. हायवा डंपरच्या चाकांनी उडालेली धूळ जमिनीलगतच तरंगत राहते. पहिली फेरी नेमकी तेव्हा. दहा-अकरानंतर ऊन तापतं, उगवतीकडून वारा सुटतो आणि रस्ता ठणठणीत कोरडा होतो. पाण्याची खरी गरज बारा ते चार, तेव्हा टँकर उभा! माझं शेत रस्त्याच्या मावळतीला, म्हणजे ऐन वेचणीत काळी भुकटी फुटलेल्या बोंडांवर. जाड कण धुऱ्याजवळच्या तासांत, म्हणजे बांधालगतच्या ओळींत बसतात, बारीक पार विहिरीपलीकडे जातात. धुऱ्याकडचा कापूस वेचताना बोटं काळी होतात. झटकून काही जात नाही, भुकटी तंतूंत अडकून बसते. व्यापारी तो ढीग वेगळा काढतो आणि भाव पाडतो. मे महिन्यात वारा फिरतो, मग तीच धूळ पलीकडच्या वस्तीत, लोकांच्या वाळवणावर.

पाणी मारायची पद्धतही चुकीची आहे. रस्त्याच्या मधोमध चिखल आणि कडा कोरड्या. चाकं भुकटी कडेलाच ढकलतात, त्यामुळे गाडीनं साइड दिली की धुळीचा लोट उठतो. मधला चिखल टायरला चिकटून डांबरी रस्त्यावर जातो, तिथं वाळतो आणि पुन्हा उडतो.

पावसाचंही तसंच. जोराची सर आली की जाड धूळ खाली बसते, पानं धुऊन निघतात. पण चाकांबरोबर खाणीतला गाळ बाहेर येऊन रस्ताभर पसरतो. दोन-तीन दिवस उघाड पडली की तो गाळ वाळून पीठ होतो. पावसाळा म्हणून टँकर मात्र जूनपासून बंद.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली चंद्रपूर पट्ट्याला १०० पैकी ८३.८८ प्रदूषण निर्देशांक देऊन अतिप्रदूषित ठरवलं, त्यात घुग्घुसही होतं. इथं पाणी मारल्यासारखं करून भागणार नाही. दुपारच्या फेऱ्या वाढवा, बारीक फवारा कडेपर्यंत पोचू द्या, उघाड पडली की टँकर लगेच काढा आणि डांबरी रस्त्याच्या तोंडाशी साचलेला गाळ खरवडून उचला.

ड्रायव्हरला हे सगळं पटतं. पण डिझेल मोजून मिळतं, असं तो सांगतो. म्हणून हे ठेकेदारानं वाचावं.