सीहॉर्स एक्सएफई९६: वेग अचूक, पण कारण सांगत नाही

पेशींचं चयापचय मोजणारं हे यंत्र दोनच गोष्टी मोजतं: पेशी ऑक्सिजन किती वेगाने वापरतात आणि भोवतालचं मीडियम (पोषक द्रव) किती वेगाने आम्लधर्मी करतात. स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) एकाच प्लेटमध्ये लावा. पहिलीचा भर मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्यावर, तर ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि एचईआर२ नसलेल्या) दुसरीचा ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडण्यावर, हे एका दुपारीत दिसतं. इथवर काम चोख.

मेहनत आदल्या दिवशीची. सेन्सर असलेली कार्ट्रिज रात्रभर कॅलिब्रंट या द्रावणात भिजत ठेवायची, ३७ अंशांवर, पण कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इनक्युबेटरमध्ये. प्लेटमधल्या प्रत्येक वेलमागे (खळग्यामागे) साधारण १० ते २० हजार पेशी, ८० मायक्रोलिटरमध्ये. टाकल्यावर प्लेट तासभर इनक्युबेटरबाहेरच, न हलवता ठेवा. नाहीतर पेशी वेलच्या कडेला गोळा होतात. चार कोपऱ्यांतले वेल पार्श्वभूमी मोजण्यासाठी पेशींविना ठेवा. मीडियममध्ये बायकार्बोनेट उरलं की ते आम्ल पचवून टाकतं आणि आम्लाचा आकडा दबतो.

सर्वांत जास्त घोळ एफसीसीपीत, म्हणजे श्वसन कमाल वेगाला नेणाऱ्या रसायनात होतो. मात्रा ०.२५ ते २ मायक्रोमोलरच्या दरम्यान, प्रत्येक सेल लाइनसाठी वेगळी ठरवावी लागते. जास्त पडली की श्वसन चढण्याऐवजी कोसळतं, आणि पेशींची राखीव क्षमताच (गरजेला श्वसन वाढवण्याची) कमी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

आम्लाचा आकडा म्हणजे लॅक्टेट नव्हे. मायटोकॉन्ड्रियातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही त्यात भर घालतो. ग्लायकोलिटिक रेट चाचणी तो वाटा वजा करते, तीच वापरा.

एपिजेनेटिक्सवर (डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात यावर) काम करणाऱ्यांनी मात्र जपून. बेसल-लाइक या प्रकारच्या स्तनकर्करोगात स्नेल, जी९ए आणि डीएनएमटी१ ही प्रथिनं मिळून ग्लायकोलिसिसला विरोध करणारं एफबीपी१ जनुक बंद पाडतात, त्यामुळे ग्लायकोलिसिस वाढतं. डेसिटाबिन या औषधाने डीएनएवरचं मिथिलेशन (जनुक बंद ठेवणारी रासायनिक खूण) उतरवून हे तपासायचं, तर औषध पेशी विभागताना डीएनएत शिरतं, म्हणून ७२ तास आणि रोज ताजं द्यावं लागतं. तोवर पेशींची संख्या घटलेली असते. उपचार फ्लास्कमध्येच करून, मोजून मग प्लेटमध्ये टाका आणि शेवटी हेक्स्ट या डीएनए रंगवणाऱ्या रंगाने पुन्हा मोजा. नाहीतर कमी पेशींचा आकडा मंद चयापचय म्हणून खपतो.

जनुक खरंच उघडलं का, हे बायसल्फाइट सिक्वेन्सिंग (मिथिलेशन दाखवणारं) आणि आरटी-क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए मोजणारं) सांगेल. सायट्रेटपासून एसीएलवाय या एन्झाइमने बनवलेलं अ‍ॅसिटिल-कोए हिस्टोनपर्यंत (डीएनए ज्यांवर गुंडाळलेलं असतं त्या प्रथिनांपर्यंत) पोहोचलं का, यासाठी कार्बन-१३ ने खूण केलेलं ग्लुकोज आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीला पर्याय नाही.

कार्ट्रिज एकदाच वापरायची, म्हणून खर्च चढतो. तरी पहिली प्लेट पेशींची संख्या आणि एफसीसीपीची मात्रा ठरवण्यातच घालवा.