मेंढरं राखायची आणि कोंबड्याही वाचवायच्या: कुत्रा कोणता आणाल?

आमच्या माण तालुक्यात एक-दोन एकर रान घेऊन राहायला येणाऱ्यांची खरेदी साधारण ठरलेली असते. वीस-पंचवीस गावरान कोंबड्या, दहा-बारा मेंढरं, आणि मग राखणीला कुत्रं. कोंबड्या आठवडी बाजारातून येतात, मेंढरं ओळखीतून. कुत्रं मात्र मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरतं, आणि घोळ तिथेच होतो.

व्हिडिओत दिसतो तो बॉर्डर कॉली. जमिनीला पोट टेकवून, डोळे रोखून शंभर मेंढ्या फाटकातून आत घालतो. बघायला देखणं काम आहे, वादच नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची ही जात. आजच्या बहुतेक कॉलींचं मूळ 1893 साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्यापर्यंत जातं. पण ते कुत्रं मेंढ्या हाकतं. आपल्याकडे हाकायचं काम धनगर स्वतः करतो, शीळ घालून, काठी दाखवून. कुत्र्याचं काम रात्री लांडगा आला तर उठून उभं राहणं. दोन्ही कामं वेगळी. बारा मेंढरांत कॉलीला दिवसातून दहा मिनिटांचं काम निघेल. उरलेल्या वेळात तो तुमच्या कोंबड्या वळत बसेल. सतत पिटाळली जाणारी कोंबडी अंड्यावर येत नाही. शिवाय आमचा एप्रिल-मे त्या केसाळ जिवाला सोसायचा नाही. कॉलीचा विचार सोडा.

जर्मन शेफर्ड मात्र पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याच्याबद्दल नीट सांगतो. 1899 साली माक्स फॉन श्टेफानित्स यांनी ही जात बांधली ती मेंढपाळीसाठीच. उभ्या पिकाच्या कडेने येरझाऱ्या घालून मेंढ्या पिकात शिरू न देणं, म्हणजे चालतं-फिरतं कुंपण, हे त्याचं मूळ काम. ज्वारीच्या रानाशेजारी हे कामाचंच आहे. अडचण वेगळी आहे. नर तीस ते चाळीस किलोचा, भाकरी-ताकावर भागत नाही. अंगावर दुहेरी केस, त्यात गोचीड बसली की दिसत नाही, आणि गोचिडीच्या तापाने चांगलं कुत्रं आठवड्यात खंगतं. तालुक्याच्या गावी जनावरांचा डॉक्टर हाकेवर असेल, घरात कायम माणूस असेल, तर आणा. कोंबड्यांच्या बाबतीत शिकवलं तर लवकर शिकतो, हा त्याचा मोठा गुण.

कारवान, म्हणजे मुधोळकडचा शिकारी कुत्रा, मी स्वतः पाळला आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानात नावारूपाला आलेली जात, 2005 मध्ये टपाल तिकिटावरही आली. ऊन सोसतो, खातो कमी, केस आखूड म्हणून गोचीड लगेच सापडते. सगळं पटलं होतं. सहा महिन्यांचा झाला आणि एका दुपारी पाच तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या कोंबड्या, मारल्या. खाल्ली एकही नव्हती. एक पळाली, तिला धरली. ती पडल्यावर दुसरी पळाली, तिला धरली. शेणाच्या खड्ड्याच्या कडेला खुडूक बसलेली एक कोंबडी होती, ती जागची हलली नाही, तिला त्याने हुंगलंही नाही. नजरेने शिकार करणारा कुत्रा पळणाऱ्याच्या मागे जाणारच. त्याला रागावून उपयोग नव्हता. रात्री मेंढरांजवळ बसणंही त्याला जमलं नाही, दूर कुठे ससा हलला की हा गायब. कोंबड्या कायम जाळीत ठेवणार असाल तरच कारवान.

राहिलं वाड्यावरचं, म्हणजे धनगरांच्या मेंढरांच्या तळावरचं, धनगरी पिल्लू. धनगरांचा तळ उठतो तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं असतं, आणि त्यावर डालग्यात कोंबड्या. कोकरं, कोंबड्या, पोरं आणि कुत्री एकाच तळावर वाढतात. त्यामुळे या पिल्लाने डोळे उघडल्यापासून कोंबडी बघितलेली असते, तिने नाकावर मारलेली चोचही खाल्लेली असते. तीच अर्धी शिकवणी. दिसायला काही नाही, कागदपत्रं नाहीत, बोलावलं तर मनात असेल तेव्हा येतं. पण मेंढरांजवळून उठत नाही.

दोष सांगायलाच हवेत. पिल्लाला बहुतेक वेळा लस झालेली नसते. जंत मात्र असतात, आणि हे गंभीर आहे. मेलेल्या मेंढराचं डोकं, लिव्हर किंवा फुप्फुस कुत्र्याने कच्चं खाल्लं की त्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून पुन्हा चाऱ्यावर येतात. काहींमुळे मेंढरू एकाच बाजूला गरगर फिरायला लागतं, काहींच्या गाठी माणसाच्या लिव्हरमध्ये होतात. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी, यात हयगय नको. दुसरं, सहाव्या महिन्यापासून वर्षाचं होईपर्यंत धनगरी कुत्रंही कोंबडीशी खेळायला जातं. त्या काळात दाणे टाकताना त्याला दोरीने बांधून जवळ बसवा. कोंबड्यांकडून नजर काढली की भाकरीचा तुकडा. महिना-दोन महिने कंटाळवाणं काम आहे.

कोणताही आणा, घारीपुढे कुत्रं काही कामाचं नाही. तिथे बाभळीची सावली आणि पिल्लांवर डालगंच लागतं. मुंगसावर मात्र भुंकणारं कुत्रं सोन्याचं. जुन्नर-आंबेगावकडे उसात राहत असाल तर कुत्र्यालाही रात्री पडवीत दाराआड घ्या, बिबट्या आधी त्यालाच उचलतो.

माझं मत उघड आहे, वाड्यावरचं पिल्लू. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेले वाडे पावसाआधी घाटावर परततात, तेव्हा चौकशी करा. दोन महिन्यांच्या आतलं उचलू नका. आणि पिल्लापेक्षा आईकडे बघा. तुम्ही तळाजवळ गेल्यावर ती भुंकत पुढे येईल. धन्याने हाक दिल्यावर परत मेंढरांत जाऊन बसली तर पिल्लू घ्या. पिंडरीला तोंड घालायला आली तर चहा घ्या आणि दुसरा वाडा बघा. तुमच्याकडे रोज दूधवाला येणार आहे.