व्हीसीआर घेताना विकणाऱ्याच्या कॅसेटवर भुलू नका

उजव्या कोपऱ्यावर चरा आणि डिस्प्लेच्या काचेला तडा असलेला एक व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायची आणि भरायचीही मशीन, परवा पुन्हा विकायला आलेला दिसला. फोटोही तेच. किंमत मात्र साडेसहावरून साडेसात हजार. ही मशीन महिनाभर माझ्या घरी होती, म्हणून लिहितो आहे.

आईबाबांच्या लग्नाची १९९१ची व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडली. ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती. खरं तर मला काहीच रेकॉर्ड करायचं नव्हतं, नुसता प्लेअर, म्हणजे व्हीसीपी, पुरला असता. पण नागपुरात बर्डीजवळच्या एका गाळ्यात जुनं इलेक्ट्रॉनिक सामान विकणाऱ्यानं 'चार हेडचा व्हीसीआर' दाखवला आणि मी हुरळलो. हेड म्हणजे टेपवर चित्र लिहिणारा-वाचणारा भाग. जादा हेडांचा फायदा मुख्यतः चित्र थांबवून बघताना आणि हळू वेगातल्या रेकॉर्डिंगला होतो. माझ्या कामाला त्यांचा काही उपयोग नव्हता. हे मला नंतर कळलं.

त्यानं आपली एक कॅसेट टाकली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. कॅसेटवर एका बातम्यांच्या चॅनलचं रेकॉर्डिंग होतं आणि मध्येच मोबाईल रिचार्जची जाहिरात लागली. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे हे अलीकडंच भरलंय, रेकॉर्डिंगसुद्धा चालू आहे! नेमकं जिथं सावध व्हायचं, तिथंच मी खूश झालो.

मग मी पिशवीतून आमची कॅसेट काढली, तर त्यानं हात आडवा केला. "नका टाकू भाऊ. इतकी जुनी आहे, बुरशी लागली असंन. हेडाची वाट लागंन, मंग मलेच बोलसान."

यातलं बुरशीचं अगदी खरं आहे. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पावडर दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये टाकू नये, हेड घाण होतो. म्हणूनच मला संशय आला नाही. आमच्या कॅसेटच्या खिडकीतून आत डोकावून बघायला एक मिनिट लागलं असतं. टेप काळीभोर, स्वच्छ होती.

घरी लावली. आवाज येत होता, सनई ऐकू येत होती, पण पडद्याचा वरचा तिसरा हिस्सा नुसत्या मुंग्यांनी भरलेला. ट्रॅकिंग, म्हणजे टेपवरच्या रेघांशी हेड जुळवायचं बटण, फिरवलं की पट्टा खाली सरकायचा, जायचा नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर मशीननं टेपच खाल्ली.

महालात एक काका अजूनही या मशीन दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं, विक्रेत्यानं सोबत दिलेली कॅसेट लावली, मग स्वतःजवळची एक लावली आणि हसले. "हे मशीन स्वतःचंच लिहिलेलं वाचून राहिलं. दुसऱ्याचं अक्षर त्याले समजत नाही."

त्यांनी समजावलं ते असं. आतला ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो आणि त्यावरचे हेड टेपवर तिरप्या रेघा ओढतात. एकेक रेघ मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. टेप किती उंचीवरून जाणार ते दोन बाजूचे गाइड ठरवतात. गाइड हलले की रेघा वाकड्या पडतात, पण त्याच मशीनवर त्या वाचल्या तर वाकड्याला वाकडं जुळतं आणि चित्र झकास दिसतं. बाहेरची कॅसेट आली की पितळ उघडं. टेप खाल्ली ती वेगळ्या कारणानं, टेप दाबून पुढं ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर दगड झालं होतं. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती. त्यामुळं सुटे भाग म्हणजे दुसऱ्या मेलेल्या मशीनचे अवयव, असं काकांचं म्हणणं.

तेव्हा जुनी मशीन घ्यायला जाताना दुसरीकडं भरलेली, वाया गेली तरी चालेल अशी एक कॅसेट घेऊन जा. कुणाच्या तरी बारशाची, मुंजीची, कुठलीही. ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा, पूर्ण रिवाइंड करा, दोनदा बाहेर काढा. ती लावू देत नसेल तर पाय काढता घ्या. घरची एकुलती एक कॅसेट मात्र पहिल्याच दिवशी नव्या मशीनच्या तोंडी देऊ नका.

मी परत गेलो तेव्हा "तुमच्या कॅसेटीतच खोट आहे" इथून सुरुवात झाली. काकांनी सांगितलेलं सगळं ऐकवल्यावर दोन हजार हातावर ठेवून त्यानं मशीन ठेवून घेतली. साडेचार हजार गेले.

कॅसेट काकांनी त्यांच्या मशीनवर उतरवून दिली. चुरगळलेली टेप हातभर कापावी लागली. व्हीएचएसची टेप सेकंदाला साधारण २.३ सेंटीमीटर सरकते, म्हणजे गेले ते वीसेक सेकंद. आता मंगलाष्टकं चालू असतात, अंतरपाट धरलेला असतो, आणि पुढच्याच क्षणी दोघांच्या गळ्यात हार. आई दर वेळी तिथं रिमोट मागते आणि पुन्हा मागं घेऊन बघते.