कर्मचाऱ्यांच्या रजा: सामाईक कॅलेंडर की शीट?

इंदूरमध्ये दहा-पंधरा जणांचं कार्यालय चालवताना खरी ओढाताण होते ती सणांच्या दिवसांत. महालक्ष्म्या ज्यांच्या घरी बसतात त्यांना सलग तीन दिवस हवे असतात, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघितलेले दुसऱ्या दिवशी उशिरा येतात आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की राजवाड्याच्या आसपास कामाचं नाव नको. अशा वेळी दोन प्रश्न पडतात: त्या दिवशी कोण नाही, आणि कोणाच्या किती रजा उरल्या? पहिल्याचं उत्तर गूगल कॅलेंडर एका नजरेत देतं. दुसऱ्याचं देत नाही, कारण त्यात बेरीजच होत नाही.

शनिवार ते सोमवार रजेची नोंद कॅलेंडरमध्ये तीन चौकोन व्यापते. रविवारी कार्यालय बंद असेल, तर कापायच्या रजा दोनच. गूगल शीटमध्ये, म्हणजे रांगा-रकान्यांच्या तक्त्यात, ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’ (NETWORKDAYS.INTL) हे सूत्र सुरुवातीची व शेवटची तारीख घेऊन हा हिशेब स्वतः करतं. आठवडी सुट्टीच्या जागी 11 लिहिलं की फक्त रविवार वगळला जातो, आणि शेवटी सणांच्या तारखांची यादी जोडली की त्याही. अर्ध्या दिवसासाठी मात्र वेगळा रकाना ठेवून 0.5 हातानेच लिहा.

मग कॅलेंडर कशाला? कारण तीस रांगांच्या शीटमध्ये ‘गुरुवारी काउंटरवर कोण?’ हे शोधत बसावं लागतं.

कॅलेंडर घ्यायचं ठरलं तर ते संगणकाच्या ब्राउझरवर तयार करा.  खरा घोटाळा परवानगीत होतो. ‘फक्त मोकळे की व्यस्त’ एवढंच दिसेल अशी परवानगी दिली, तर दिवसभराची रजा इतरांना दिसतच नाही, कारण दिवसभराची नोंद आपोआप ‘मोकळा’ म्हणून धरली जाते. म्हणून सगळ्यांना ‘सर्व तपशील पाहा’ आणि बदलाचा अधिकार फक्त दोघांना. सगळ्यांच्या हाती बदल दिले की मंजुरीआधीच रजा चढते. तरीही कोणी चुकून नोंद पुसली, तर कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते. शीटमध्ये आवृत्तींचा इतिहास उघडून कोणी काय बदललं तेही कळतं. इथे शीट निःसंशय सरस आहे.

नोंदीचा साचा एकच हवा: ‘रजा – नाव – मंजूर’. कोणी रजा, कोणी छुट्टी, कोणी नुसतं नाव लिहिलं की वर्षअखेरीला शोधून काही हाती लागत नाही. आणि कारण लिहू नका. कोणाचं आजारपण सगळ्या कार्यालयाने वाचायची गरज नाही. ‘रजा’ एवढं पुरे.

आमचा कौल असा: पाच-सहा माणसं असतील आणि रजेचे पैसे कापले जात नसतील, तर एकटं कॅलेंडर चालेल. पगारातून कपात होत असेल, तर शीट हाच मूळ हिशेब आणि कॅलेंडर फक्त बघण्यासाठी; मंजुरीनंतर एकाच माणसाने दोन्हीकडे त्याच दिवशी नोंद करावी. पंचवीसच्या पुढे, किंवा दोन शाखा असतील, तर ही दुहेरी नोंद कधी ना कधी चुकतेच. तिथे अर्ज, मंजुरी आणि शिल्लक एकत्र ठेवणारं पगाराचं सॉफ्टवेअर घ्या.