भूतकाळ सांभाळायला एक माणूस: ‘द गिव्हर’

अमेरिकन लेखिका लोइस लोरी यांची ‘द गिव्हर’ ही कादंबरी १९९३ साली आली, तिला बालसाहित्यासाठीचं १९९४ चं न्यूबेरी पदक मिळालं आणि कुमारवाङ्मयाच्या कप्प्यात जाऊन बसली. मी इतिहास शिकवते, त्यामुळे मी ती जरा वेगळ्या नजरेने वाचली.

कादंबरी घडते त्या वस्तीत सगळं आखीव आहे. नोकरी, जोडीदार, मुलं, सगळं वरून ठरतं. मागचं मात्र कोणालाच काही आठवत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी एकट्या म्हाताऱ्याच्या डोक्यात साठवल्यात, आणि बारा वर्षांच्या जोनसची त्याचा वारस म्हणून निवड होते. उघड्या पाठीवर हात ठेवून म्हातारा एकेक आठवण देतो. पहिली बर्फावरच्या घसरगाडीची, पुढे युद्धाचीही.

लेखिकेची खरी करामत म्हणजे दिलेली आठवण देणाऱ्याकडे उरत नाही. मी वर्गात शिकवलेलं माझ्याकडे तसंच राहतं. इथे देणारा रिकामा होत जातो. रडणाऱ्या तान्ह्या गॅब्रिएलला थोपटताना जोनसकडून नकळत एक आठवण त्या बाळाकडे सरकू लागते आणि तो दचकून हात काढून घेतो. तो प्रसंग मी लगेच पुन्हा वाचला.

मला सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. जन्मदर वाढवावा का, हे विचारायला वडीलधारं मंडळ म्हाताऱ्याकडे येतं. त्याला पूर्वीची उपासमार आठवते, तो नको म्हणतो. मंडळाला उपासमार म्हणजे काय ते जाणून घ्यायचं नसतं, सल्ला मिळाला की झालं! इतिहास नको, पण इतिहासकार हाताशी हवा. (असे अध्यक्ष मी समित्यांवर पाहिलेत.)

शेवटाकडे मात्र विणकाम सैल पडतं. वारस फार दूर गेला की आठवणी वस्तीवर परत येतात, हे आपण निमूट मान्य करायचं. आणि त्या आल्यावर लोकांचं काय होतं, ते लेखिका दाखवतच नाही. मला तेच बघायचं होतं.

२०१४ चा चित्रपट आधी पाहू नका. जोनसला त्यात उगाच मोठा केलाय, आणि पुस्तकाने कितीतरी प्रकरणं राखून ठेवलेली एक गोष्ट तो सुरुवातीलाच उघडी करतो.