पंख पाठीवर न्यायचे की गाडीच्या टपावर?

उडायला शिकायचं नक्की झालंय, पण हँग ग्लायडिंग की पॅराग्लायडिंग, असं विचारणारे मुंबईकर मला अधूनमधून भेटतात. वेग, उंची, थरार यांची तुलना त्यांनी व्हिडिओ बघून केलेली असते. मी मात्र आधी विचारतो, की तुम्ही कितव्या मजल्यावर राहता आणि गाडी आहे का. इथे राहणाऱ्याचा निम्मा निर्णय त्यातच होतो.

हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं शीड. पायलट त्याखाली पालथा लटकतो आणि समोरच्या दांडीला धरून स्वतःचं वजन पुढेमागे, डावीउजवीकडे सरकवत ते चालवतो. घडी घातली तरी पाच-साडेपाच मीटरची लांबलचक गुंडाळी उरते आणि वजन २५ ते ३५ किलो भरतं. ती लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही. पॅराग्लायडरला सांगाडाच नसतो. नुसतं कापड आणि दोऱ्या. पुढच्या तोंडांतून हवा आत शिरली, कप्पे फुगले, की पंख तयार. हार्नेस (पायलटला अडकवणारी पट्ट्यांची बैठक), हेल्मेट, राखीव पॅराशूट धरून १५ ते २० किलोची सॅक होते. ती पाठीला लावून मी दादरला पहाटेची पुण्याची गाडी पकडतो, लोणावळ्याला उतरतो आणि तिथून पुणे लोकलने उडायच्या टेकड्यांजवळचं कामशेत गाठतो. हँग ग्लायडर न्यायचा तर कॅरिअरवाली गाडी हवी, तो बांधायला दुसरा माणूस हवा आणि सोसायटीत ठेवायला लांबलचक कोरडी जागा हवी. मुंबई शहरात उडण्याचा तर विषयच नाही. डोक्यावर विमानांची ये-जा, आणि पोलिसांच्या मनाई आदेशांत ड्रोनबरोबर ही दोन्ही नावं असतात. म्हणजे प्रत्येक वेळी घाट चढून जाणं आलंच.

आता खरी तुलना, कड्याच्या धारेवरची. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, पुढे जायला वाट नसते, म्हणून वर चढतो आणि खाली पडणारं पाणीसुद्धा उचलून मागे फेकतो. कोरड्या दिवसांत हाच वारा बेताचा असतो, तेव्हा तो पंखाला तोलून धरतो. समुद्रावरून थेट येणारा वारा तर फारच गुळगुळीत असतो, कारण पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं. अशा धारेवर दोन्ही प्रकारचे पंख तासन्‌तास येरझाऱ्या घालू शकतात. पण धारेच्या मागच्या बाजूला तोच वारा खाली कोसळून गरगरतो. त्याला रोटर म्हणतात, आणि तिथे कुठलाच पंख नीट उडत नाही.

साध्या पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी ३६ ते ३८ किलोमीटर. समोरून ३५ चा वारा आला की तुम्ही हवेत जवळजवळ उभे राहता. धारेच्या अगदी माथ्यावर वारा दाबला जाऊन आणखी जोर धरतो. एका मार्चच्या संध्याकाळी हे माझ्यावर गुदरलं. बुटांच्या बरोबर खाली करवंदाची एक जाळी होती. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा खाली पाहिलं तर तीच जाळी, आणि आता ती बुटांच्या थोडी पुढे होती. मी मागे सरकत होतो. पायाखालचा स्पीड बार, म्हणजे वेग वाढवणारी दांडी, दाबला, कड धरून हळूहळू तिरका सरकत मोकळ्या हवेत आलो आणि उतरल्यावर बराच वेळ बसून राहिलो. त्याच वाऱ्यात एक घार पंख जरासे आखडून माझ्या पुढून सरळ निघून गेली होती. हँग ग्लायडरवाल्याला नेमकं तेच करता येतं. दांडी छातीशी ओढली की वेग सत्तरच्या पुढे जातो. जोराच्या वाऱ्यात धारेवर तो निर्विवाद सरस आहे, हे मी पॅराग्लायडिंग करणारा असूनही मोकळेपणी सांगतो. अंतरातही तेच: २०१२ मध्ये टेक्सासमध्ये डस्टिन मार्टिनने हँग ग्लायडरवरून एका उड्डाणात ७६४ किलोमीटर कापले.

पॅराग्लायडरची दुसरी उणीव म्हणजे खवळलेल्या हवेत पंखाची एक बाजू मिटू शकते. शिकाऊ पंख बहुधा आपणहून उघडतात, पण त्यासाठी खाली उंची शिल्लक लागते आणि कड्यालगत ती नसते. एप्रिल-मेच्या भर दुपारी, हवा तापून खवळलेली असताना, नवशिक्याने उडू नये ते यासाठीच. हँग ग्लायडर असा मिटत नाही. त्याची परीक्षा उतरताना असते. तो वेगात येतो, लांब मोकळं मैदान मागतो, आणि शेवटच्या क्षणी दांडी ढकलण्यात चूक झाली तर हात मोडतो. आपल्याकडची भातखाचरं आठवा: दर काही पावलांवर बांध, मध्येच विजेच्या तारा. पॅराग्लायडर दोन्ही ब्रेक, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या दोऱ्या, ओढून एका खाचरात दोन पावलांत उभा राहतो. शिवाय हँग ग्लायडरवाल्याला धावण्याआधी स्वतः सांगाड्याला अडकवलेलो आहोत ना, हे दर वेळी लटकून बघावं लागतं. हुक लावायला विसरून निघालेल्यांचे जीव गेले आहेत.

शिकण्याचं म्हणाल तर पॅराग्लायडिंगमध्ये तीन-चार दिवसांत छोट्या टेकडीवरून, कानात प्रशिक्षकाचा वॉकीटॉकी घेऊन, एकट्याने पहिली झेप घेता येते. ब्रेक मुठीत आले की पंख काय करतोय ते हातालाच समजतं. संक्रांतीला गच्चीवर मांजा बोटावर धरलेल्यांना हा ताण ओळखीचा वाटेल. हँग ग्लायडिंगला जास्त दिवस लागतात आणि आपल्या देशात ते शिकवणारे फार थोडे. पॅराग्लायडिंग त्यामानाने तरुण आहे. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या म्युसी गावी पॅराशूटवाल्यांनी डोंगरउतारावरून धावत उड्या घेतल्या, तिथून ते पसरलं.

खर्च दोन्हींचा लाखांच्या घरात. पॅराग्लायडरचं कापड उन्हाने लवकर जुनं होतं, हँग ग्लायडर नीट ठेवला तर जास्त वर्षं टिकतो. पण मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत जून ते सप्टेंबर दोघांनाही जपावं लागतं.

गाडी, जागा, भरपूर सुट्ट्या आणि वेगाची ओढ, हे सगळं असेल तर हँग ग्लायडिंगमागे जरूर लागा, ते दुर्मीळ आणि देखणं आहे. एरवी शनिवार-रविवारच्या भरवशावर जगणाऱ्याने पॅराग्लायडिंगच घ्यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आधी प्रशिक्षकासोबत एक टँडम उड्डाण करा. नंतर एक अख्खी संध्याकाळ टेकडीवर नुसते बसून राहा. गवत किती झुकतंय ते बघा आणि किती जुने पायलट पंख न उघडताच सॅक उचलून खाली चालत जातात, तेही मोजा.